आगाशांचं उणे एक

शनिवार पेठेतलं आगाशे दुग्धालय दह्यासाठी प्रसिद्ध आहे, असं श्रीनिवास आगाशे म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणतात, पाटीसाठी. गल्ल्यामागच्या भिंतीवर, माणसाची नजर चुकवू म्हणता चुकणार नाही अशा उंचीवर ती लावलेली आहे: 'या दुकानावर कुणाचे कर्ज नाही. गिऱ्हाइकाकडे आमची उधारी नाही. दोन्ही गोष्टी अशाच राहतील. चर्चा करू नये.'

पहिलं वाक्य श्रीनिवासरावांच्या आजोबांचं, दुसरं वडिलांचं आणि शेवटची दोन त्यांची स्वतःची. तीन पिढ्यांत मिळून चार वाक्यं म्हणजे आगाशांच्या मानाने बडबडच झाली.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी दीपमाला त्या पाटीसमोर उभी राहिली. ती मूळची परभणीची, मागच्या बोळात विद्यार्थ्यांची खाणावळ चालवायची आणि रोज दोन किलो दही रोखीने न्यायची.

"काका, पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे चाळीस पोरं जेवायला येणार आहेत. आत्ता पंधराच आहेत," ती म्हणाली. "रोज पाच किलो दही लागेल. पोरं पैसे पाच तारखेला देतात. मी तुम्हाला महिन्याचे सगळे दहा तारखेला दिले तर चालेल का?"

"वाचता येतं ना तुम्हाला?" श्रीनिवासराव म्हणाले.

"येतं की."

"मग मला कशाला बोलायला लावता?"

दीपमाला दोन किलो दही घेऊन, मोजके पैसे देऊन निघून गेली. आत चक्क्याची फडकी पिळत असलेली वल्लरी हे ऐकत होती. वल्लरी त्यांची एकुलती एक मुलगी, वय अठ्ठावीस. अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेऊन ती एका कंपनीत नोकरीला होती, पण सुट्टीच्या दिवशी तिचे हात आपोआप दह्याकडे वळायचे. बापाने एक गिऱ्हाईक रोज तीन किलोंनी वाढता वाढता घालवलं, हे तिने मनात मोजलं आणि ती गप्प बसली. तिला स्वतःलाच त्या दिवशी एक मोठी गोष्ट बोलायची होती.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. जेवताना वल्लरीने विषय काढला. शहराबाहेर मांजरी गावात नव्या इमारतींच्या ओळीत एक गाळा होता. तिथे आगाशांचं दुसरं दुकान काढायचं, नोकरी सोडून ती ते चालवणार. कोल्ड रूम, चक्क्याचं यंत्र, अनामत, सगळं मिळून बारा लाख लागणार होते. गाळेवाला महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. दुकान श्रीनिवासरावांच्या नावावर असल्यामुळे कर्जाला सही त्यांचीच हवी होती.

"कर्ज," श्रीनिवासराव म्हणाले. पानात केस सापडावा तसे ते त्या शब्दाकडे बघत होते. "आपल्या सलिलने काढलं होतं. मालदीवला जाऊन आला. फोटो बघून संपले, हप्ते अजून चालू आहेत." सलिल म्हणजे त्यांचा भाचा.

"सलिल समुद्रात पोहायला गेला होता, बाबा. मी दही विकणार आहे."

"वडील गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. कुणाचा एक पैसा न घेता दुकान पुन्हा उभं केलं."

हे वाक्य घरात इतक्या वेळा झालं होतं की वासंतीबाईंनी ते चालू असताना सगळ्यांना ताक वाढून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, तिच्या कंपनीने तिला हैदराबादला जायचं पत्र दिलंय. एक तारखेला हजर व्हायचंय. ती गेली की तुम्ही, मी आणि पाटी. दुकान बंद करताना पाटी घरी आणू. दिवाणखान्यात जागा आहे."

श्रीनिवासरावांचा घास हातातच राहिला. हैदराबादचं त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्यामागे हे दुकान कुणी चालवणार नाही, ही भीती त्यांना कित्येक वर्षं होती आणि त्यांनी ती कुणाला सांगितलेली नव्हती. ती बायकोने अशी ताकाबरोबर वाढली.

"नुसतं विचारून यायला काय हरकत आहे?" वल्लरीने हळूच म्हटलं. "तुमच्यासारख्या माणसाला बँक कसं नाही म्हणेल?"

हे मात्र त्यांना पटलं. आयुष्यात कुणाचं देणं न ठेवलेला माणूस बँकेत शिरला तर मॅनेजर उठून उभा राहील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून वल्लरीबरोबर बँकेत गेले.

मॅनेजर उठून उभा राहिला, पण तो सगळ्यांसाठीच राहायचा. बद्रीनाथ त्याचं नाव, वाशिमकडचा, तिशीतला, बोलायला मऊ. त्याने कागद पाहिले, दुकानाची उलाढाल पाहून मान डोलावली, मग संगणकाकडे बघून त्याचा चेहरा जरा ओढला गेला.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर उणे एक दाखवून राहिलाय."

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

नूतन मराठी शाळेत असताना गणितात कधी नव्वदच्या खाली न आलेले श्रीनिवासराव खुर्चीत सावरून बसले. "उणे कशाबद्दल? चूक केली तर उणे."

"चूक नाही काका. तुम्ही कधी काही घेतलंच नाही. कार्ड नाही, हप्त्यावर फ्रिज नाही. तुम्ही घेतलेलं फेडता की नाही, हे सिस्टीमला समजणार कसं? तिच्या हिशेबी तुम्ही जन्मलेच नाहीत अजून."

"आणि जो कर्ज बुडवतो त्याला किती मिळतात?"

बद्रीनाथने क्षणभर विचार केला. "तीनशे तरी मिळतात."

"म्हणजे बुडव्या माझ्या तीनशे एक मार्कांनी पुढे."

वल्लरीला हसू आवरेना, म्हणून ती खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली. बद्रीनाथ मात्र हसला नाही. त्याला हे प्रकरण मनापासून करायचं होतं. तो म्हणाला, "स्कोअर नसला म्हणून सगळं अडत नाही. उलाढाल चांगली आहे, जागा तुमची आहे. फक्त तुमची परतफेड कशी आहे याची बाजारातून एक खात्री लागते. असा कोणी पुरवठादार आहे का, जो तुम्हाला माल उधारीवर देते अन् तुम्ही वेळेवर पैसे देता?"

"आगाशे उधार घेत नाहीत," श्रीनिवासराव म्हणाले. "हवं तर लिहून देतो."

"नका लिहू काका," बद्रीनाथ घाईघाईने म्हणाला.

पण श्रीनिवासरावांनी त्याच्याच टेबलावरचा कागद ओढून मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'आम्ही कोणाकडूनही, कधीही, काहीही उधार घेतलेले नाही.' खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा. कर्ज मागायला आलेल्या माणसाने स्वतःविरुद्ध इतका स्वच्छ पुरावा दिलेला बद्रीनाथने नोकरीत प्रथमच पाहिला.

"शुक्रवारी प्रस्ताव वर पाठवायचाय," तो खिन्नपणे म्हणाला. "तोवर काही सापडलं तर आणा. नाहीतर तो परत येईल."

बाहेर पडल्यावर श्रीनिवासराव लक्ष्मी रोडच्या गर्दीतून तरातरा चालले होते. कर्ज नको म्हणणारा माणूस आता कर्ज मिळत नाही म्हणून संतापला होता. घरी पोचेपर्यंत त्यांनी तीनदा म्हटलं, "उणे एक." वासंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शून्य तरी का नाही दिलं?" त्यावर ते जेवले नाहीत.

राग ओसरला तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं की वल्लरी एक शब्द बोललेली नाही. ती हैदराबादच्या घरांची भाडी बघत होती. त्यांना फार वाईट वाटलं. आपण सच्चेपणाने लिहिलेल्या एका ओळीने मुलीचं दुकान बुडालं, आणि ती ओळ खोटी म्हणून मागेही घेता येत नव्हती.

गुरुवारी दहा तारीख होती. दर महिन्याच्या दहा तारखेला श्रीनिवासराव स्वतः मांजरीला सोनबाच्या गोठ्यावर जात. सोनबा त्यांचा दूधवाला. रोजचं दूध टेम्पोतून पहाटे दुकानात यायचं, महिन्याचा हिशेब हे दहाला पाकिटातून पोचवायचे. पूर्वी सायकलवर, मग स्कूटरवर, आणि आता वल्लरीच्या गाडीत मागे बसून. सोनबाच्या फोनवर पैसे पाठवायची सोय कधीची झाली होती, पण पाकिटाची मजा त्यात नव्हती.

गोठ्याच्या तिन्ही बाजूंना बारा-बारा मजली इमारती उठल्या होत्या. मधे बत्तीस म्हशी निवांत रवंथ करत उभ्या. सोनबाने पाकीट घेतलं, पैसे न मोजता खिशात घातले आणि वही पुढे केली. श्रीनिवासरावांनी नेहमीच्या जागी सही केली. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी बँकेचा सगळा किस्सा सांगितला, उणे एकसकट.

"उधार देणारा माणूस आणा म्हणे," ते कडवटपणे म्हणाले. "मला कोण उधार देणार?"

सोनबा अडुसष्ट वर्षांचा होता. तो आधी हसला, मग खोकला, मग त्याला गव्हाणीच्या कडेवर बसावं लागलं.

"मंग मी छत्तीस वर्सं काय करतुया?" तो म्हणाला.

"अहो, तो रतीब."

"रतीब म्हंजी काय, शिरीनिवासराव? येक तारखेला दूध घालाय लागतु. पैसं फुडच्या म्हैन्याच्या धा तारखेला. चाळीस दिस माजं दूध तुमच्याकडं, आन् पैसं बी तुमच्याकडंच. आमच्या गावात हेला उधारीच म्हंत्यात. तुमच्या पेठंत काय म्हंत्यात मला ठावं न्हाई."

श्रीनिवासरावांनी वहीतली आपली सही पुन्हा एकदा बघितली. रतीब, हिशेब, महिन्याचं, असे किती सभ्य शब्द त्यांनी या गोष्टीला वापरले होते. उधारी हा शब्द कधी मनातसुद्धा आला नव्हता.

"आठवतंय का," सोनबा म्हणाला, "तुमचं वडील गेलं, दुकान आठ दिस बंद हुतं. आदीचा दूधवाला रोजचं पैसं रोज मागायचा. मी सायकलीवर दोन क्यान घिऊन आलो. तुमी दारात हुभं. म्हनला, पैसं न्हाईत. मी म्हनलं, म्हैना झाल्यावर बगू."

आठवलं. ती सकाळ, ते बंद फळ्यांचं दुकान, कोरड्या पडलेल्या पातेल्यांचा वास, आणि सायकलवरचा अनोळखी माणूस, सगळंच आठवलं. त्या दोन कॅनांच्या दह्यावर पहिला आठवडा निघाला होता. कुणाचा एक पैसा न घेता दुकान उभं केलं, हे वाक्य अक्षरशः खरं होतं. पैसा घेतला नव्हता. दूध घेतलं होतं. इतकी वर्षं आपण ही गोष्ट या माणसाला वगळून सांगत आलो, याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ते म्हणाले.

"काय बोलायचं त्यात? माजं बी त्यातच भागलं. तुमच्या सह्या झालेली वही घिऊन मी गावच्या सोसायटीत गेलो. म्हनलं, ह्यो दुकानदार दर धा तारखेला देतुया, मला दोन म्हशींचं कर्ज द्या. दिलं. ते फिटलं, मंग चार घेतल्या. आता ह्या बत्तीस." त्याने जवळच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "कर्ज काढताना मी म्हशीवानी बगतो. दुभतं हाय का भाकड. वैरण दोनी खात्यात."

वल्लरी गाडीला टेकून ऐकत होती. "सोनबाकाका, आणि व्याज?"

"व्याज येतं की. वासंतीवहिनींनी क्यान कदी रिकामा धाडला न्हाई. कदी चक्का, कदी दोन लाडू. दिवाळीला शिरखंड. माज्या पोरांना वाटायचं, क्यानातच पिकतंय."

शुक्रवारी सकाळी बद्रीनाथच्या टेबलावर कापडी पिशवीतून छत्तीस वह्या निघाल्या. त्यांना गोठ्याचा वास येत होता आणि रांगेतली माणसं वळून वळून बघत होती. सोनबा नवं धोतर नेसून आला होता. श्रीनिवासरावांनी आधी आपला तो कागद परत मागितला, त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वरील मजकूर अज्ञानातून लिहिला गेला.' सही, तारीख, वेळ.

बद्रीनाथने वह्या चाळल्या. त्याचे वडील वाशिमला किराणा दुकान चालवायचे. अशी वही त्याला नवीन नव्हती. तो भराभर पानं उलटत गेला, मग सावकाश, मग त्याने संगणकाकडे पाठच केली. "चारशे बत्तीस महिने," तो म्हणाला. "चारशे बत्तीस हप्ते अन् सगळे दहा तारखेला. काका, असं मी पाहिलंच नाही कधी."

"चारशे एकतीस," श्रीनिवासराव म्हणाले.

वल्लरीने त्यांच्याकडे दचकून पाहिलं. आज तरी यांनी तोंड मिटून बसावं, असं तिला कळकळून वाटत होतं.

"सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट बघा," ते म्हणाले. "बारा तारीख आहे. मला दोन दिवस उशीर झाला होता. ते मोजलं पाहिजे."

बद्रीनाथने वही काढली. खरंच बारा तारीख होती. "काहून झाला उशीर?"

श्रीनिवासराव काही बोलायच्या आत सोनबाच म्हणाला, "ही पोरगी झाली त्या दिशी. धा तारखंला. मी सोता पेढं खाल्लं, पैसं कोन मागतंय."

वल्लरी वहीतल्या त्या बारा आकड्याकडे बघत राहिली. बापाच्या आयुष्यातला एकुलता एक थकलेला हप्ता तिच्यामुळे थकला होता, आणि तो हिशेबातून सोडायला बाप काही केल्या तयार नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं.

बद्रीनाथने अहवालाचा कोरा कागद समोर ओढला. "वरच्यांना मी हेच लिहितो," तो म्हणाला. "दोन दिवसांचा उशीर स्वतःहून सांगणाऱ्या माणसाचं कर्ज बुडत नसते."

पुढचं पटकन सांगतो. कर्ज महिनाअखेरीच्या चार दिवस आधी मंजूर झालं, हैदराबादचं पत्र वल्लरीने नम्र नकार लिहून परत केलं आणि दसऱ्याला मांजरीचं दुकान उघडलं. सोनबाने त्यासाठी आणखी सहा म्हशी घेतल्या, अर्थात कर्ज काढून, अर्थात दुभत्या. नंतर कधीतरी वल्लरीने फोनवर बापाला त्यांचा नवा स्कोअर दाखवला, नऊशेपैकी सातशे अठ्ठेचाळीस. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे कुठे कापले?"

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. बँकेतून आल्यावर श्रीनिवासरावांनी जुन्या पाटीला हात लावला नाही. आजोबांचं अक्षर पुसायला त्यांचा जीव होईना. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि पाटीखाली नवा मजकूर लावला: 'दुरुस्ती: या दुकानावर १९९० सालापासून मांजरीच्या सोनबांची उधारी आहे. ती दर महिन्याला फिटते व दर महिन्याला होते. दुकान तिच्यावरच वाढले. हे आम्हाला काल कळले. चर्चा करू नये.'

वासंतीबाईंनी ते दोनदा वाचलं. "शुद्धलेखन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आगाशांच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही. तेवढं बोलून त्या पटकन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चार वाजता दुकान उघडायच्या आधी श्रीनिवासराव पाच किलोंचं स्टीलचं भांडं दह्याने भरून मागच्या बोळात गेले. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या दारात माल पोचवलेला नव्हता. दीपमाला खाणावळीच्या ओट्यावर कांदे चिरत होती. ती गडबडून उठली.

"चाळीस मुलं येणार ती पक्की?" त्यांनी विचारलं.

"सदतीस जणांनी नाव दिलंय, काका."

"तीन अजून मिळतील. या बोळात मुलं कमी नाहीत." त्यांनी भांडं तिच्यापुढे ठेवलं. "रोज पाठवतो. पैसे दहा तारखेला."

दीपमाला भांड्याकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी ती म्हणाली, "काका, पण वरती काही द्यायचं का? म्हणजे व्याज?"

श्रीनिवासराव वळून चालू लागले होते. ते थांबले.

"भांडं रिकामं पाठवू नका," ते म्हणाले.